उजवी मूठ

परवा माझ्या भाचीने, श्वेताने, मला फोनवर एक पान दाखवलं. तिने नवी माउंटन बाइक घेतलीय. रविवारी पाच-सहा जणी मिळून वज्रेश्वरीच्या बाजूला जातात आणि दुपारी लालबुंद तोंडं घेऊन परत येतात. त्या पानावर नुसती हँडलला लावायची सामानं होती. तळव्याला टेकू देणाऱ्या जाड मुठी, हँडलच्या टोकांना बसवायची शिंगं, दोन बोटांत मावणारे ब्रेकचे लिव्हर, हात घसरू नये म्हणून गुंडाळायच्या पट्ट्या. तिने मागवलेलं खोकं दुसऱ्याच दिवशी आलं, येणारच, भिवंडीजवळच्या पूर्ण्याच्या गोदामातून माझ्या दारापर्यंत यायला त्याला कितीसा वेळ लागतो. ती म्हणाली, मावशी, बघ ना लोक काय काय शोधून काढतात. मी म्हटलं, शोधून कसले काढतात, हे सगळं मी खारबावच्या आमच्या अंगणात बसून केलंय, आणि तेव्हा अख्खा गाव दात काढत होता. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मावशी आता काहीही फेकायला लागली. म्हणून हे लिहायला घेतलं. मी फेकत नाही.

आधी हाताचं सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला चुकचुकायला नको. अकरावीनंतरच्या सुट्टीत मी भिवंडीतल्या एका कारखान्यात कांडी मशीनवर बसायचे. कांडी म्हणजे धोट्यात, विणताना आडवं सूत घेऊन धावणाऱ्या लाकडी तुकड्यात, बसणारी लाकडी नळी, तिच्यावर सूत भरायचं. ते काम बायकापोरींचं. एका दुपारी मशीनच्या पट्ट्यात ओढणी गेली, ओढणी सोडवायला हात गेला, आणि उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. मधलं बोट वाचलं, पण ते आजही पुरतं वळत नाही. त्याच्यावर काय रडायचं ते रडून झालंय. ते मी इथे परत काढणार नाही.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या, पुढे शेणाने सारवलेलं अंगण आणि अंगणाच्या कडेला शेवग्याचं झाड. सकाळी पहिला आवाज आईच्या भाकरीचा. तांदळाची भाकरी ती परातीत पाण्याच्या हाताने थापायची, आणि त्या थापांवरून मला अंथरुणात पडल्या पडल्या कळायचं की आज तिचं डोकं कुठे आहे. राग असला की थापा लवकर लवकर पडायच्या. सोबत सुक्या जवळ्याची चटणी, कधी आंबट वरण, खाडीला कोणी गेलं असेल तर निवट्यांचं कालवण. माझे वडील शहरात जॉबर होते. लूम बिघडली की कारागीर ज्याला हाक मारतो तो जॉबर. शंभर लूमच्या खडखडाटात उभं राहून कोणत्या लूमचा धोटा उशिरा पोचतोय हे बाबा ऐकून सांगायचे. त्या आवाजाने त्यांचे कान जरा गेले होते, त्यामुळे घरातही मोठ्याने बोलायचे आणि मग आपणच दचकायचे. पण त्या दुपारनंतर त्यांचं बोलणं एकदम कमी झालं. मला मशीनवर त्यांनीच लावलं होतं. जेवताना ते माझ्या हाताकडे बघायचे नाहीत, भिंतीकडे बघत जेवायचे. मी मुद्दाम उजव्याच हाताने जेवायचे, तीन बोटांनी. भात सांडायचा, मी म्हणायचे, सांडू दे. आत्या शेजारच्याच घरात राहायची आणि बरोबर जेवणाच्या वेळेला आमच्या ओट्यावर येऊन बसायची. ती एकदा म्हणाली की डाव्याने जेव, कोण बघतंय. मी म्हटलं, तूच बघतेस की रोज.

कॉलेज उघडलं तसं घरात ठरलं की मी आता जायचं नाही. ठरवलं बाबांनी आणि सांगितलं आत्याने. कारण एकच पुढे केलं, रस्ता. खारबावहून दिवसाच्या गाड्या बोटावर मोजण्याइतक्या, आणि माझी तर बोटंच आठ, त्यामुळे मला त्या आणखीच कमी पडायच्या. कॉलेजच्या वेळेला एकही जुळत नव्हती. अपघाताच्या आधी मी सायकलने जायचे. माझा मामा ठाण्याला एका सोसायटीत वॉचमन होता, तिथल्या एका घरातून सोडून दिलेली माउंटन सायकल त्याने माझ्यासाठी आणली होती. जाड टायर, सरळ हँडल, गिअर पाच, त्यातले चालणारे दोन. अख्ख्या पट्ट्यात तसली सायकल दुसरी नव्हती. गावाबाहेर खाडीचा पूल, पुलाला दोन्हीकडे उतार, आणि त्याच्यावरून दिवसभर रेतीचे ट्रक. एका हाताची पोर त्या ट्रकांमध्ये कशी घालायची, असं आत्या बोलली. त्यापेक्षा घरी चरखा आणून देऊ, बसल्या बसल्या कांड्या भरेल, हाताला चाळाही होईल.

इथे माझं टाळकं सरकलं. मी बाबांसमोर जाऊन उभी राहिले आणि सांगितलं, "कांडीला चालतो हा हात, आणि हँडलला न्हाय चालत? मग थोटी कशासाठी हाय मी, ते एकदा नीट ठरवा."

बाबा उठून बाहेर गेले. आईची थाप मध्येच थांबली होती, ती परत सुरू झाली, लवकर लवकर.

मी सायकल काढून बघितली तेव्हा कळलं की ते लोक अगदीच खोटं बोलत नव्हते. हे कबूल करायला मला आजही आवडत नाही. तुम्ही मूठ आवळता ती करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या जोरावर, पण ती बोटं असेपर्यंत ते कळत नाही. माझा हात सरळ हँडलवरून बाहेरच्या बाजूला सरकायचा, जरासा खड्डा आला की सुटायचा. तळव्याची कड काही वेळात बधिर व्हायची. उजव्या बाजूचा ब्रेक पुढच्या चाकाचा, त्याचा लिव्हर इतका लांब की अंगठा मुठीवर ठेवला तर बोटं पोचायची नाहीत. सायकलवाल्याने सल्ला दिला, डाव्यानेच ब्रेक मार. डाव्याने मारला की मागचं चाक फरफटत जायचं आणि उतारावर सायकल आडवी व्हायची. चार दिवस मी अंगणात आणि शेताच्या बांधावर पडत उठत होते. आत्या ओट्यावरून मोजत असावी.

मार्ग सापडला तो शफीकचाचांकडे. हाताच्या ड्रेसिंगसाठी बाबा मला आठवड्यातून दोनदा सायकलच्या कॅरिअरवर बसवून शहरात न्यायचे, आणि त्यांची शिफ्ट संपेपर्यंत कारखान्याशेजारच्या चाचांच्या दुकानात बसवून ठेवायचे. चाचा आझमगडकडचे, धोटे दुरुस्त करायचे. धोट्याचं लाकूड फार कडक, घासून घासून गुळगुळीत केलेलं, हातात घेतलं तर थंड लागतं. फुटलेल्या धोट्यांचा त्यांच्या दुकानात ढीग असायचा. माझा हात बघून भिवंडीत ज्याने ‘अरेरे’ केलं नाही असा तो पहिला माणूस. मी एकदा ओढणीखाली हात लपवला तेव्हा रंधा थांबवून म्हणाले, "बिटिया, इस गली में दस उँगली वाला कारीगर ढूँढ के दिखा, मैं दुकान बंद करके हज को चला जाऊँ।" मग त्यांनी स्वतःचा डावा हात वर केला. तिथे अंगठ्याचं टोक नव्हतं.

मी त्यांना सायकलचं सांगितलं. त्यांनी लाकडाच्या चिरा भरायची लांबी होती तिचा गोळा मळला, एका पाइपच्या तुकड्यावर थापला आणि मला सांगितलं, जशी पकडता येते तशी पकड, जशी पकडायला पाहिजे तशी नको. मी पकडली. हात काढल्यावर लांबीत माझ्या उजव्या हाताचा ठसा उमटला होता, अंगठा, दोन बोटं, आणि जिथे बोटं नव्हती तिथे फुगीर लांबी. चाचांनी बोट ठेवून दाखवलं, ही फुगलेली जागा लाकडाने भरायची, म्हणजे तळव्याची कड तिच्यावर टेकेल आणि हातावरचा भार वाटला जाईल. कानस दिली, फुटका धोटा दिला आणि सांगितलं की मी करून देणार नाही, तुझा हात तुलाच माहीत. बाबांना यातलं काही सांगायचं नाही हे आमच्यात न बोलता ठरलं.

दिवाळीपर्यंत माझी मूठ तयार झाली. बाहेरच्या बाजूला रुंद, पंखासारखी पसरलेली, आतल्या बाजूला बारीक. हात बाहेर सरकू नये म्हणून हँडलच्या टोकाला काहीतरी आडवं हवं होतं. चाचांकडे लूमची एक मोडकी लाकडी दांडी होती, तिचा वीतभर तुकडा नळाच्या क्लॅम्पने मी टोकाला उभा बसवला. मग एकच बाजू विचित्र दिसायला लागली म्हणून डावीकडेही बसवला. त्याचा एक फायदा मला नंतर कळला. पुलाची चढण चढताना त्या दांड्यांना धरलं की पाठीचा जोर लावता यायचा, मनगटं आखडत नव्हती. लिव्हर जवळ आणायला मी कातडी पट्ट्याचा छोटा तुकडा कापून त्याच्या मुळाशी पाचर म्हणून बसवला, आणि लिव्हर दोन बोटांच्या टप्प्यात आला. श्वेताच्या त्या पानावर या सगळ्याला इंग्रजी नावं आहेत आणि पुढे चांदण्या दिल्यात. माझ्या वेळेला गावाने एकच नाव दिलं, शिंगवाली. सायकल घेऊन निघाले की नाक्यावर कोणीतरी बैलाला हाकावं तशी जीभ टाळूला लावून आवाज काढायचा. मी घंटी वाजवायचे आणि अगदी त्यांच्या पायांजवळून सायकल काढायचे. बाबा मात्र माझ्या हाताकडे बघायचे नाहीत तसेच त्या हँडलकडेही बघायचे नाहीत.

लाकूड घामाने सटकतं म्हणून त्याच्यावर काहीतरी गुंडाळायला हवं होतं. जॉबरच्या घरात सुताला काय तोटा. बाबांच्या पिशवीत कायम उरलेल्या सुताच्या लडी असायच्या. त्यातली सगळ्यात देखणी मी उचलली, ताण्याची, म्हणजे कापडातल्या उभ्या धाग्याची. पांढरीशुभ्र, ताठ, जरा चकाकणारी. कांडी भरतात तशी एकाला एक चिकटून, कुठे फट न ठेवता मी ती मुठीवर गुंडाळली, आणि खरं सांगते, इतकं सुबक काम मी आयुष्यात परत केलं नाही. कोणी बघत नाही असं बघून मी ती मूठ गालाला लावली होती. फक्त एक गोष्ट मला कळत नव्हती. शेजारची शेळी सारखी येऊन माझं हँडल चाटायची. हाकलली तरी यायची. मी म्हटलं हिलासुद्धा आवडली.

माघ लागला तशी प्रॅक्टिकल परीक्षा आली. कॉलेजातल्या सरांनी डॉक्टरांचा कागद बघून माझं नाव पटावर ठेवलं होतं, मैत्रिणीच्या वह्यांवरून मी अभ्यास घरी केला होता, पण प्रॅक्टिकल काही अंथरुणावर बसून देता येत नाही. ती चुकली तर बारावी गेली, आणि एकदा गेली की आमच्या घरात ती परत येणार नव्हती, हे मला दिसत होतं. चरखा तर येऊन पडला होता, कोपऱ्यात, पोत्याखाली झाकून. मी बाबांना म्हटलं, तुम्ही लूम पास करता तशी माझी सायकल पास करा. बाबांची एक रीत होती. दुरुस्त केलेली लूम कारागिराच्या हातात देण्याआधी ते ती तीनदा चालू करायचे आणि तीनदा बंद करायचे. लूम धावणं सोपं असतं, म्हणायचे, ती थांबते कशी ते बघायचं. तिन्ही वेळा धोटा पेटीत जाऊन नीट बसला तर लूम पास. मी म्हटलं, पुलाच्या उतारावरून तीनदा खाली येते, तुम्ही जिथे खडूने रेघ माराल तिथे थांबते. तीनदा थांबले तर कॉलेज, आज पण आणि पुढे पण. न्हाय थांबले तर परत विषय काढणार न्हाय. "रविवारी सकाळी," एवढंच बाबा म्हणाले.

रविवारी विहारातली वंदना आटोपून बाबा पुलाच्या पायथ्याशी गेले. ही बातमी आत्याला कळली होती, म्हणजे गावाला कळली होती. पंधरा-वीस माणसं उगाच तिथे उभी. सायकल रात्रभर अंगणात होती, खाडीकडचं दव तिच्यावर पडलेलं, आणि मला इतक्या थंडीतही घाम फुटलेला. पहिल्यांदा मी उतरले आणि रेघेवर थांबले, पुढचं चाक बरोबर खडूवर. कोणीतरी टाळी वाजवली. दुसऱ्यांदा वरून निघताना मला मुठीत काहीतरी ओशट लागलं. म्हटलं घाम आहे. अर्ध्या उतारावर ब्रेक दाबला आणि हाताखालची मूठ साबणाच्या वडीसारखी फिरली. हात शिंगावर आपटला, शिंगावरून वर निसटला, आणि मी रस्त्याच्या कडेला खडीत तोंडावर गेले. हनुवटी फुटली, दोन्ही गुडघे सोलले. मागून येणारा रेतीचा ट्रक कचकन थांबला, त्याचा क्लिनर खाली उतरून शिव्या देत होता ते मला अजून ऐकू येतं. आत्या सगळ्यांच्या पुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली की झालं का मनाचं समाधान.

बाबांनी मला उचललं नाही, सायकल उचलली. मला वाटलं आता ही गेली. ते हँडल सरळ करायला लागले आणि तसेच थांबले. उजव्या हाताची बोटं एकमेकांवर घासली, नाकाशी नेली, हुंगली. मग खाली वाकून मूठ हुंगली. मला वाटलं माणसाला धक्का बसला.

"सुजे," ते त्यांच्या जुन्या मोठ्या आवाजात म्हणाले, "ताण्याचं सूत गुंडाळलंस?"

मी म्हटलं, हो.

"खळीचं सूत? मुठीला?" आणि माझा बाप, जो मे महिन्यापासून हसला नव्हता, तो भर रस्त्यात पोट धरून हसायला लागला.

लूमच्या गावात न राहणाऱ्यांना सांगायला हवं. ताण्याचं सूत लूमवर चढण्याआधी त्याला खळ देतात, पिठाची पेज आणि वर जरा चरबी, म्हणजे ते ताठ राहतं, ओढाताणीत तुटत नाही. ती खळ वाळलेली असते तोवर सूत राजासारखं दिसतं. पाणी लागलं, घाम लागला की तिची परत पेज होते. जॉबरच्या पोरीने, कांडी भरणाऱ्या पोरीने, पेज गुंडाळून पुलावरून उडी मारली होती. शेळीला जे महिनाभर आधी कळलं होतं ते मला हनुवटी फोडून कळलं. दुसऱ्या कुठल्या गावात ही चूक करायची कोणाला सुचलीही नसती.

लोक हसत होते, आत्या मला हाताला धरून घरी न्यायला बघत होती. मी तिचा हात झटकला. हनुवटीतून रक्त गळत होतं आणि मला इतका राग आला होता की दुखत नव्हतं. मी बाबांना विचारलं, "सूत खराब निघालं तर तुम्ही लूमला नापास लिहिता?"

त्यांचं हसू गेलं. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मग, अपघातानंतर पहिल्यांदा, माझ्या हाताकडे. तो हातात घेऊन पालथा केला, उताणा केला, जिथे बोटं नव्हती तिथे अंगठा फिरवला. "न्हाय," ते म्हणाले. "सुताचा दोष लूमवर न्हाय लिहायचा." आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, "सूत चुकलंय. हात न्हाय चुकला."

एवढं बोलून ते सायकल ढकलत घरी आले आणि ओट्यावर हत्यारं मांडून बसले. त्यांचा विचार असा की आता हे सगळं काढायचं, कारखान्यातून नीट लोखंडी मूठ वळवून आणायची. मी म्हटलं हात लावायचा नाही. मूठ माझी, चूक माझी, ती मीच काढणार. आम्ही दोघं त्या हँडलची दोन टोकं धरून भांडत होतो, तेव्हा आई चुलीवरून उठली. इतके महिने ती या विषयावर एक अक्षर बोलली नव्हती, आणि मी तिला बाबांच्या बाजूची धरून चालले होते. तिने मुठीवरचं सूत सोडवून त्याची लड केली, मोठ्या टोपात पाणी ठेवलं, त्यात कपड्याचा सोडा टाकला आणि लड उकळायला घातली. कारखान्यातलं कोरं कापड घरी आलं की परकर शिवायच्या आधी ती ते असंच उकळायची, हे मी जन्मापासून बघत होते आणि माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. तीन पाणी बदलल्यावर सूत मऊ, मळकट, कापसासारखं झालं. सगळा थाट गेला त्याचा. माझ्या हनुवटीला हळद दाबत ती हळूच म्हणाली, "बेस्तरवारी प्रॅक्टिकल हाय ना तुझी? मग ट्रायल बेस्तरवारीच सकाळी ठेव." बाबांना काही ऐकू गेलं नाही. मी तिच्याकडे बघितलं तर ती टोपातलं पाणी ओतायला निघून गेली होती.

त्या मऊ सुताखाली मी सायकलच्या ट्यूबची पट्टी घातली, वर सूत आडवंतिडवं बांधलं, सुबकपणा गेला खड्ड्यात. ओल्या हाताने धरून बघितलं, तेल लावून धरून बघितलं. बुधवारी शेळी आली, हुंगली, आणि तोंड फिरवून गेली. मग मी बाबांना सांगितलं, परत तीनदा, उद्या सकाळी.

गुरुवारी सकाळी मी पाठीला दप्तर लावून पुलावर आले. या वेळेला बघायला कोणी नव्हतं, फक्त बाबा, खडू घेऊन. त्यांनी विचारलं दप्तर कशाला. मी म्हटलं, रिकाम्या लूमची ट्रायल घेता का तुम्ही? वजनासकट बघा. त्यांना ते पटलं, मान हलवली आणि रेघ मारली. पहिल्यांदा उतरले, थांबले. दोन बोटांनी लिव्हर लोण्यासारखा दबला, तळव्याची कड लाकडावर टेकलेली, हात कुठे गेला नाही. परत वर गेले, शिंगं धरून, उभ्याने पायडल मारत. दुसऱ्यांदा उतरले, थांबले, चाक रेघेच्या अलीकडे दोन बोटं. बाबा वाकून बघून म्हणाले, आता एक.

वर पोचून मी वळले. खाली माझा बाप उभा होता, खडूची रेघ होती, आणि रेघेच्या पलीकडे रस्ता भिवंडीकडे जात होता. हे मी आधी ठरवलं होतं असं लोकांना सांगायला बरं वाटतं, पण ठरवलं नव्हतं. उतरायला लागले तेव्हाही मी थांबणारच होते. मग माझ्या मनात आलं, मला थांबता येतं हे मला कळलंय. त्यांनाही कळलंय. मग ही तिसरी रेघ कोणासाठी? दहा बोटं असलेल्या कुठल्या पोराने कॉलेजला जायला कधी बापाची रेघ गाठली होती? मी ब्रेक सोडला. रेघ चाकाखालून गेली, बाबांचा चेहरा बाजूने गेला, त्यांनी मागून मोठ्याने हाक मारली, "सुजे," आणि मी घंटी वाजवली. तीनदा थांबले तर, असा करार होता. मी तो मोडला होता आणि मला ते माहीत होतं. संध्याकाळी घरी सायकलीला साखळी लागणार, हेही माहीत होतं. लावू दे, म्हटलं, उद्या चालत जाईन, पाय दोन्ही शाबूत आहेत.

प्रॅक्टिकलला मी तीन बोटांनी ब्युरेटचा कॉक फिरवला. बाहेरून आलेले परीक्षक माझ्या हाताकडे बघत उभे राहिले तेव्हा मी त्यांना म्हटलं, सर, रीडिंग तिकडे आहे. आज वीस-पंचवीस वर्षं मी याच हाताने लोकांचं रक्त काढते, पॅथॉलॉजीत. नवीन माणूस बसला की आधी हात बघतो आणि मग दार बघतो. मी त्याला विचारते, सुई टोचली का? तो म्हणतो, टोचली? कधी? एवढंच बोलणं होतं आमचं.

त्या प्रॅक्टिकलच्या संध्याकाळी मी घरी आले तेव्हा बाबा जेवायला बसले होते. आत्या ओट्यावर होतीच. मी सायकल तिच्यासमोरून आत घेतली, हात धुतले आणि पाटावर बसले. आईने ताट वाढलं. मग बाबांनी घास खाली ठेवला आणि माझ्या हाताकडे बघत विचारलं, "तिसऱ्यांदा का न्हाय थांबलीस?"

"मला उशीर होत होता," मी म्हटलं.

त्यांनी परत घास उचलला. तो चावून, गिळून, वर पाणी पिऊन झाल्यावर ते आईला म्हणाले, "उद्यापासून हिचा डबा माझ्या आधी भर. हिला लवकर निघावं लागतं."